भाकिते आणि पटावरचे सत्य

बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाची लढत दृष्टिपथात आली की, मृगाच्या तोंडावर वेधशाळेकडे लागावेत तसे साऱ्यांचे डोळे जाणकारांच्या मतांकडे लागतात. कोण जिंकणार, किती गुणांनी जिंकणार, चौदाही डाव खेळावे लागतील की निकाल आधीच लागेल, यांवर वाद रंगतात. माजी विजेते आपली मते देतात, गुणांकनाचे आकडे मांडले जातात, मागील भेटींचे हिशेब उकरून काढले जातात. यात गैर काहीच नाही. लढतीची निम्मी गोडी या तर्कवितर्कांतच असते. परंतु भाकीत करणे ही एक गोष्ट आणि केलेल्या भाकिताला आपला हक्क समजणे ही अगदी निराळी गोष्ट होय. दोम्माराजू गुकेश यांनी डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूर येथे वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी जगज्जेतेपद पटकावले, तेव्हापासून आपल्याकडे ही दुसरी गोष्टच अधिक घडू लागली आहे. २०२६ हे त्यांच्या पदरक्षणाचे वर्ष. म्हणूनच अशी भाकिते कशाच्या आधारावर करावीत, त्यांचे मोल किती आणि त्यांनी कोठे थांबावे, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

गोमंतकीयांना तर हा धडा घरबसल्या मिळाला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये हडफडे येथे विश्वचषक स्पर्धा भरली, तेव्हा २०६ खेळाडूंच्या मानांकन यादीत पहिली तिन्ही नावे भारतीयांची होती: गुकेश, अर्जुन एरिगैसी आणि प्रज्ञानंद. चषकालाही नाव विश्वनाथन आनंद यांचे. तो भारतातच राहणार, असे अनेकांनी मनोमन ठरवून टाकले होते. प्रत्यक्षात गुकेश तिसऱ्याच फेरीत जर्मनीच्या फ्रेडरिक स्वाने यांच्याकडून पराभूत झाले. प्रज्ञानंद चौथ्या फेरीत आणि अर्जुन उपान्त्यपूर्व फेरीत गळाले. उपान्त्य फेरीत एकही भारतीय उरला नाही आणि चषक गेला तो सोळावे मानांकन असलेल्या उझबेकिस्तानच्या एकोणीस वर्षांच्या जावोखिर सिंदारोव यांच्याकडे. त्याच वर्षी जुलैमध्ये बाटुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी पंधरावे मानांकन असताना महिलांचा विश्वचषक जिंकला होता. म्हणजे भाकिते उलटतात तेव्हा ती आपल्या विरुद्धच उलटतात असे नाही. आपल्या बाजूने उलटली की आपण तिला गुणवत्ता म्हणतो, विरुद्ध गेली की अपयश म्हणतो, इतकाच काय तो फरक.

यावर कोणी म्हणेल की, दोन डावांच्या बाद पद्धतीत असे व्हायचेच; दीर्घ लढतीत मात्र जो सरस तोच जिंकतो. हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. तो कितपत खरा आहे, हे तपासून पाहिले पाहिजे.

आज भाकितांचा मुख्य आधार आहे गुणांकन. हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत पदार्थविज्ञानाचे अध्यापन केलेले आर्पाद एलो यांनी ही पद्धत बसवली आणि १९७० मध्ये जागतिक संघटनेने ती स्वीकारली. तिचे तत्त्व सोपे आहे. दोन खेळाडूंच्या गुणांकनात शंभराचे अंतर असेल, तर वरचढ खेळाडूने शंभरापैकी सुमारे चौसष्ट गुण मिळवावेत. अंतर दोनशेचे असेल, तर सुमारे शहात्तर. यात बरोबरीचा अर्धा गुणही धरलेला असतो. तेव्हा हे आकडे अमुक एक खेळाडू आज जिंकेल असे सांगत नाहीत. असे पुष्कळ डाव झाले तर सरासरी काय पडेल, एवढेच सांगतात. वाचणारे मात्र सरासरीलाच निकाल समजतात आणि सारा घोळ तेथून सुरू होतो.

या पद्धतीची पहिली मोठी कसोटी १९७२ मध्ये रेक्याविक येथे लागली. बॉबी फिशर यांचे गुणांकन २७८५, तर जगज्जेते बोरिस स्पास्की यांचे २६६०. आदल्या वर्षी फिशर यांनी ताइमानोव आणि लार्सन या दोन मातब्बरांना ६-० अशा फरकाने धूळ चारली होती. दुसऱ्या बाजूला, त्यापूर्वी फिशर यांनी स्पास्की यांच्याविरुद्ध एकही डाव जिंकलेला नव्हता. तीन मात्र गमावले होते. आकड्यांवर विश्वास ठेवावा की गाठीभेटींच्या इतिहासावर, असा पेच होता. पहिला डाव फिशर हरले, दुसऱ्याला आलेच नाहीत, आणि ०-२ अशा पिछाडीनंतर त्यांनी लढत १२.५-८.५ अशी जिंकली. आकडे खरे ठरले. परंतु फिशर तिसऱ्या डावाला आलेच नसते, तर हेच आकडे कुचकामी ठरले असते, हेही विसरून चालणार नाही. माणूस खेळायला बसेल की नाही, हे कोणतेही गुणांकन सांगत नाही.

आता २०२४ चा सिंगापूरचा हिशेब पाहू. लढतीपूर्वी गुकेश यांचे गुणांकन २७८३ होते आणि डिंग लिरेन यांचे २७२८. गुकेश यांनी टोरांटोची आव्हानवीर स्पर्धा जिंकलेली, बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये पहिल्या पटावर दहा डावांत नऊ गुण मिळवलेले. उलट डिंग यांनी जानेवारीपासून संथ प्रकारात एकही डाव जिंकलेला नव्हता. लढत एकतर्फी होणार, कदाचित चौदा डावही लागणार नाहीत, असे बहुतेकांचे मत होते. पण पंचावन्न गुणांच्या या अंतरातून निघते काय? चौदा डावांत सुमारे ८-६ अशी सरशी; म्हणजे अवघ्या दोन गुणांचे अंतर. जिंकत आलेला एक डाव एका चुकीने गमावला, तर अंतरात नेमका दोन गुणांचा फरक पडतो. गुणांकनाने देऊ केलेले सारे आधिक्य एका ढिलाईच्या चालीत संपते, हे ज्यांच्या ध्यानी आले नाही त्यांनीच एकतर्फी लढतीची भाकिते केली.

घडलेही तसेच. पहिलाच डाव काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या डिंग यांनी जिंकला. गुकेश यांनी तिसऱ्या डावात भरपाई केली आणि अकरावा डाव जिंकून आघाडी घेतली. आता डिंग कोसळतील असे वाटत असतानाच त्यांनी बाराव्या डावात अप्रतिम खेळ करून पुन्हा बरोबरी साधली. चौदाव्या डावात, बरोबरीकडे झुकलेल्या स्थितीत, डिंग यांनी पंचावन्नाव्या चालीला हत्तींच्या अदलाबदलीची संधी दिली. त्यापाठोपाठ उंटांचीही अदलाबदल होऊन राजा-प्याद्यांचा अंत्यडाव हरण्याचाच उरतो, हे त्यांच्या नजरेतून निसटले. ७.५-६.५ असा निकाल लागला. विजेत्याचे नाव भाकीतकारांनी बरोबर सांगितले होते. लढत कशी होईल हे मात्र त्यांना जवळजवळ मुळीच सांगता आले नाही.

तेव्हा आकड्यांपलीकडे पाहायचे तर काय पाहावे? गेल्या शतकभराच्या लढतींकडे नजर टाकली असता तीन गोष्टी ठळकपणे पुढे येतात.

पहिली गोष्ट, लढाई कोणाच्या भूमीवर होणार. येथे भूमी म्हणजे यजमान शहर नव्हे, तर पटावर निर्माण होणारी स्थिती. १९२७ मध्ये ब्युनॉस आयर्स येथे कापाब्लांका आणि अलेखिन समोरासमोर आले, तेव्हा अलेखिन यांनी कापाब्लांकांना तोपर्यंत एकदाही हरवलेले नव्हते. कापाब्लांका हे तर पूर्वी आठ वर्षे अपराजित राहिलेले पुरुष. अलेखिन यांनी प्रतिस्पर्ध्याच्या डावांचा कसून अभ्यास केला, त्यांच्या निर्दोष भासणाऱ्या खेळातील उणिवा हेरल्या आणि चौतीस डावांच्या झुंजीत सहा विजय मिळवून पद हिरावून घेतले. १९६० मध्ये मिखाईल ताल यांनी बॉटविनिक यांना १२.५-८.५ असे हरवले. तेजस्वी ताल यांच्यापुढे एकोणपन्नाशीच्या बॉटविनिक यांचा परतीच्या लढतीत निभाव लागणार नाही, असाच समज होता. बॉटविनिक यांनी वर्षभर तयारी करून ताल यांना अशा संथ, बांधलेल्या स्थितींत आणि अंत्यडावांत ओढले की, तेथे त्यांच्या कल्पकतेला वावच उरला नाही. १३-८ अशा फरकाने पद परत आले. ताल यांची प्रकृती ठीक नव्हती हे खरे, पण केवळ त्यावर पाच गुणांचा फरक पडत नाही.

अगदी अलीकडचा दाखला २००० मधील लंडनचा. गॅरी कास्पारोव हे त्या वेळी गुणांकनात निर्विवाद अव्वल होते. व्लादिमिर क्रामनिक यांनी वजीर लवकर पटाबाहेर घालवणारा बर्लिन बचाव वापरून त्यांच्या आक्रमणाची धारच बोथट केली. पंधरा डावांत कास्पारोव यांना एकही विजय मिळाला नाही. आठ वर्षांनी बॉन येथे याच क्रामनिक यांचे पारडे दीर्घ लढतींच्या अनुभवामुळे जड असल्याचे अनेकांनी सांगितले. आनंद यांनी आपली आयुष्यभराची सवय मोडून राजापुढील प्याद्याऐवजी वजिरापुढील प्यादे पहिल्याच चालीत पुढे सारले आणि पहिल्या सहा डावांतच तीन विजय मिळवले. आकडे सांगतात तो काल खेळलेला खेळाडू. लढतीला बसतो तो सहा महिने दाराआड तयारी केलेला. या दोघांत किती अंतर पडले आहे, हे पहिले दोन-तीन डाव होईपर्यंत बाहेरच्या कोणालाही कळत नसते.

दुसरी गोष्ट, घाव सोसण्याची ताकद. १९८४ मध्ये मॉस्को येथे सहा विजयांच्या बोलीवर सुरू झालेल्या लढतीत कार्पोव नऊ डावांनंतर ४-० आणि सत्तावीस डावांनंतर ५-० असे पुढे होते. कास्पारोव यांची कारकीर्द संपली असे भाकीत करायला त्या वेळी ज्योतिषी लागत नव्हता. परंतु तरुण कास्पारोव बरोबरीमागून बरोबरी घेत राहिले, प्रतिस्पर्ध्याला थकवत राहिले आणि शिकत राहिले. बत्तिसावा डाव त्यांनी जिंकला, मग सत्तेचाळिसावा, मग अठ्ठेचाळिसावा. फेब्रुवारी १९८५ मध्ये ५-३ अशा स्थितीत लढत निकालाविनाच थांबवण्यात आली आणि त्याच वर्षी नव्याने झालेल्या लढतीत कास्पारोव १३-११ असे जिंकले. लढतीनेच खेळाडू घडवला. याच्या उलट उदाहरण २०२१ मधील दुबईचे. पहिले पाच डाव बरोबरीत सुटल्यावर सहावा डाव १३६ चालींपर्यंत चालला आणि कार्लसन यांनी तो जिंकला. त्या एका घावानंतर नेपोम्नियाची सावरलेच नाहीत. पुढील पाचांपैकी तीन डाव त्यांनी गमावले. याच नेपोम्नियाचींनी पुढच्या वर्षीची आव्हानवीर स्पर्धा एकही डाव न गमावता जिंकली, यावरून त्यांचे कौशल्य कमी नव्हते हे उघड आहे.

तिसरी आणि बहुधा दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे नियम. डाव किती, बरोबरी झाल्यास पुढे काय, याचा परिणाम प्रत्येक चालीवर होत असतो. २०१८ मध्ये लंडन येथे कार्लसन यांचे गुणांकन २८३५ होते आणि कारुआना यांचे २८३२. बाराच्या बारा डाव बरोबरीत सुटले आणि मग जलद डावांत कार्लसन यांनी ३-० असा विजय मिळवला. संथ खेळात दोघे समान असले तरी जलद खेळात कार्लसन वरचढ होते, हे सर्वांना ठाऊक होते. त्यामुळे शेवटच्या डावात बरोबरी पत्करणे त्यांच्या दृष्टीने तोट्याचे नव्हते. २०२३ मध्ये अस्ताना येथे डिंग तीनदा पिछाडीवर पडले, तीनदा त्यांनी बरोबरी साधली आणि जलद डावांत विजेते ठरले. पुढच्याच वर्षी सिंगापूरच्या निर्णायक डावात पांढरी मोहरी हाती असूनही ते निर्धोक बरोबरीच्या वाटेने चालले आणि त्याच वाटेवर घसरले. पुढील जलद डावांची आशा माणसाला आजच्या डावात किती सैल करते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणार नाही.

सगळीच भाकिते चुकतात, असे आमचे म्हणणे नाही. २०१३ मध्ये चेन्नईत कार्लसन आनंद यांना हरवतील, असे आकडे सांगत होते, वय सांगत होते आणि निकालही ६.५-३.५ असा तसाच लागला. आनंद यांच्यावरील प्रेमापोटी ते भाकीत आपल्यापैकी पुष्कळांना पटले नव्हते, एवढेच. जेथे अंतर खरोखर मोठे असते, तेथे आकड्यांशी भांडण्यात अर्थ नसतो. प्रश्न येतो तो अंतर लहान असताना. आणि आजच्या अग्रगण्य खेळाडूंत ते बहुधा लहानच असते.

या तीन कसोट्या गुकेश यांना लावून पाहाव्यात. सिंगापूरनंतरचा त्यांचा काळ चढउताराचा गेला आहे. २०२५ मध्ये नॉर्वेतील स्पर्धेत त्यांनी कार्लसन यांच्यावर संथ डावात विजय मिळवला. त्याच वर्षी समरकंद येथे सलग तीन डाव गमावले आणि मग गोव्यातील पराभव झाला. केवळ चालू कामगिरीवर मत बनवणाऱ्याने त्यांच्याविरुद्ध कौल द्यावा, अशी ही स्थिती आहे. पण २०२४ मध्ये याच न्यायाने डिंग यांना मोडीत काढण्यात आले होते आणि ते शेवटच्या डावाच्या पंचावन्नाव्या चालीपर्यंत उभे राहिले होते. गुकेश यांचे सामर्थ्य आहे ते दीर्घ आणि खोल गणनेत, आणि थकलेल्या स्थितीतही डाव खेळत ठेवण्याच्या चिकाटीत. ही शिदोरी दोन डावांच्या बाद फेरीत फारशी उपयोगी पडत नाही. चौदा डावांच्या संथ लढतीत मात्र तीच मोलाची ठरते. घाव सोसण्याची त्यांची ताकद तर पहिलाच डाव हरूनही जिंकलेल्या लढतीने सिद्ध केली आहे.

म्हणून आमचे अनुमान असे की, आव्हानवीर कोणीही असो, गुकेश यांच्या पदाचे भवितव्य त्यांच्या गुणांकनावर ठरणार नाही. लढत कोणत्या वळणाने जाते त्यावर ठरेल. डाव गुंतागुंतीचे आणि लांब झाले, तर त्यांचे पारडे जड समजावे. प्रतिस्पर्ध्याने लवकर मोहरी घटवून, बरोबऱ्या जमवत जलद डावांपर्यंत लढत नेली, तर मात्र ते जड राहीलच असे सांगता येणार नाही. कारण ज्या प्रकाराने त्यांनी नाव मिळवले तो संथ डावांचाच आहे. ज्यांना निकालाचा अंदाज बांधायचा असेल, त्यांनी पहिल्या पाच-सहा डावांत गुण किती झाले यापेक्षा ते डाव किती चालींचे झाले आणि घड्याळात वेळ कोणाचा संपत होता, हे पाहावे. त्यातून गुणफलकापेक्षा अधिक काही उमगेल.

राहता राहिला प्रश्न आपला, म्हणजे पाहणाऱ्यांचा. भाकीत खोटे ठरले तर जाणकाराचे फार काही बिघडत नाही; तो पुढच्या लढतीचे भाकीत करायला मोकळा असतो. ते खोटे ठरल्याचा भार पडतो तो खेळाडूवर. विजय गृहीत धरलेला असला की, जिंकल्यास त्याने विशेष काही केले असे वाटत नाही आणि हरल्यास त्याने आपले काही हिरावून नेले असे वाटते. विशीत पाऊल ठेवणाऱ्या मुलाच्या खांद्यावर हे ओझे ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? अलेखिन यांना १९३५ मध्ये यूवे यांनी हरवले, १९३७ मध्ये अलेखिन यांनी पद परत मिळवले. बॉटविनिक दोनदा पद गमावून दोनदा परतले. जगज्जेतेपद ही कोणाची वतनदारी नव्हे, आणि ते गेले म्हणून मिळवलेले कर्तृत्व पुसले जात नाही.

गोव्यात आज बुद्धिबळाचे बरे दिवस आहेत. भक्ती कुलकर्णी, लिऑन मेंडोन्सा यांच्यासारखे खेळाडू या भूमीने दिले आहेत, आणि विश्वचषकाच्या निमित्ताने जगातील नामवंतांचे डाव पाहण्याची संधी येथील मुलांना मिळाली. या मुलांनी पुढील जगज्जेतेपदाच्या लढतीचे भाकीत अवश्य करावे. पण त्याबरोबर आपल्या भाकिताची कारणेही वहीत उतरवून ठेवावीत आणि प्रत्येक डावानंतर ती तपासून पाहावीत. कोण जिंकणार हे बरोबर सांगण्यापेक्षा आपला तर्क कोणत्या चालीपाशी चुकला हे शोधणे अधिक मोलाचे आहे. पटासमोर बसलेले ते दोघेही शेवटी तेच करीत असतात. मोठ्यांनीही एवढे पथ्य पाळले, तर निकाल काहीही लागो, आपण लढत खऱ्या अर्थाने पाहिली असे होईल.